पिवळ्या पाण्याला चहाचा उतारा

नोकरीला लागले त्याच आठवड्यात एक बाई माझ्यासाठी सरबत घेऊन आली. घासून लख्ख केलेला पितळी तांब्या, त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र, आणि आत नितळ, पिवळंधमक पाणी. तिनं फुलपात्र काठोकाठ भरलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि पदर खोचून समोर उभी राहिली.

“घे पोरी. लिंबाचं न्हाई, तुमच्या कंपनीचं हाय.”

मी रसायनशास्त्राची पदवीधर. फुलपात्रात काय आहे ते मला बघताक्षणी कळलं. ते क्रोम होतं. आमच्याच शेडच्या मागच्या मोरीतून निघून ओढ्यात जाणारं आणि ओढ्यातून या बाईच्या म्हशींपर्यंत पोचणारं.

“मावशी, हे पिऊ नका हं,” मी घाबरून म्हणाले.

“म्या कशाला पितीय? म्हस सुदीक त्वांड लावना. म्हनून म्हनलं, ज्यांनी केलं त्यांनाच पाजावं.”

आमची शेड तळवड्याच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या अशा पत्र्याच्या शेडा रानात अळंब्या उगवाव्यात तशा चहूकडे उगवल्या होत्या. आम्ही सायकलींची हँडलं, स्कूटरचे आरसे, कपाटांच्या मुठी असल्या वस्तूंवर निकेल आणि क्रोमचा मुलामा चढवायचो. वस्तू एका टाकीत बुडवायची, काढून साध्या पाण्यात धुवायची, पुढच्या टाकीत बुडवायची, पुन्हा धुवायची. वस्तू चकाकत पुढच्या दाराने पिंपरीला जायची आणि तिचं धुवण मागच्या मोरीने मावशींकडे.

मालक मूळचे साताऱ्याकडचे. एका मोठ्या कंपनीत फिटर म्हणून बरीच वर्षं घासल्यावर त्यांनी स्वतःची शेड टाकली होती. माणूस कष्टाळू, पण कुठल्याही प्रश्नाला त्यांची दोनच उत्तरं असत. आधी “बघू” आणि काही दिवसांनी विचारलं की “बघितलं.” मला त्यांनी ठेवलं तेही एका बड्या गिऱ्हाइकानं “तुमच्याकडे केमिस्ट आहे का?” असं विचारलं म्हणून. टाक्यांतलं प्रमाण तपासणं हे माझं काम, पण त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे पाहुणे आले की पांढरा कोट घालून दिसणं. मुलगी केमिस्ट, तीही चिंचवडगावातून सायकलवर येणारी, म्हटल्यावर पाहुण्यांवर चांगला परिणाम व्हायचा.

मी फुलपात्र तसंच मालकांपुढे नेऊन ठेवलं. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं. रंग छान आहे असं काहीसं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण दारातल्या मावशी दिसल्या आणि ते म्हणाले, “बघू.”

“काय बगनार?” मावशी म्हणाल्या. “मी उद्या बी आनते. परवा बी आनते. पावनं आलं की त्यांनाबी देते.”

आणि त्या खरंच आणू लागल्या. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली की तांब्या घेऊन मावशी हजर. एका इंजिनियरसाहेबांनी तर उन्हातून आल्यावर हात पुढे केलाही होता. मी मध्ये पडले म्हणून बरं. त्या दिवशी मालक मला प्रथमच आपण होऊन म्हणाले, “मॅडम, या पाण्याचं काहीतरी करा.”

काहीतरी करायचं म्हणजे क्रोम पाण्यातून काढायचं. पुस्तकात त्याचे उपाय होते. अमुक रसायन घाला, मग चुना घाला, मग गाळ बसू द्या. त्यासाठी टाक्या लागत, पंप लागत, आणि पंपाचं नाव काढलं की मालक पुन्हा “बघू” वर जात. मी विचार करत बसले होते, आणि विचार करताना मला चहा लागतो.

रस्त्यापलीकडे एका चाचांची चहाची टपरी होती. शिफ्ट सुटली की तिथे ही गर्दी. माझ्यासारख्या पोरीनं त्या गर्दीत उभं राहून चहा प्यावा हे तेव्हा कुणाला रुचलं नसतं, मलाही धीर नव्हता. म्हणून मी चाचांकडून पत्ती मागवायचे आणि लॅबमध्येच स्पिरिटच्या दिव्यावर चहा करून घ्यायचे. प्रयोगशाळेत खाऊपिऊ नये हे मला पहिल्या वर्षापासून पाठ होतं, पण तिथे मला रागावणारं कुणी नव्हतं. एका बुधवारी संध्याकाळी मी घाईत चहा गाळला, चोथा समोरच्या चंचुपात्रात उपडा केला आणि घरी पळाले. त्या चंचुपात्रात धुवणाच्या पाण्याचा नमुना होता, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

गुरुवारी कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्याला सुट्टी असे. शुक्रवारी येऊन बघते तर पाण्याचा पिवळेपणा गेलेला. वरचं पाणी फिकट तपकिरी आणि तळाशी चोथा शहाण्यासारखा बसलेला.

क्रोम असलं की जांभळा रंग देणारं एक रसायन असतं. त्याचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं नाही. पुन्हा टाकले. नाहीच. मी लॅबचं दार आतून लावून घेतलं आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढचे काही आठवडे माझी लॅब म्हणजे किराणा दुकान झालं. शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या, बाभळीची साल, जे हाताला लागेल ते मी त्या पिवळ्या पाण्यात टाकून पाहिलं. झाडापाल्याच्या अंगात धातू धरून ठेवायची खोड असते, ती कुणात कमी, कुणात जास्त. शेंगांच्या टरफलांनी निकेल बरं धरलं, क्रोमच्या बाबतीत मात्र फार उत्साह दाखवला नाही. बाभळीची साल उत्तम चालली, पण तिच्यासाठी बाभळी सोलाव्या लागल्या असत्या, आणि ओढ्याकाठच्या सगळ्या बाभळी मावशींच्या होत्या. चहाचा चोथा मात्र चाचांच्या टपरीमागे ढिगानं पडायचा. त्याच्यातला तुरटपणा क्रोमचा पिवळा तोरा उतरवायचा आणि मग ते मवाळ झालेलं क्रोम चोथ्यालाच चिकटून बसायचं.

मी चाचांना चोथा मागितला. “घेऊन जा ताई,” ते म्हणाले, “तेवढीच माझी झाडलोट वाचली. गुलाबाला घालणार?” मी हो म्हटलं. सगळं समजावून सांगायला तेव्हा वेळ नव्हता.

एका लोखंडी पिंपाला आतून डांबर फासलं, तळाला भोकं पाडली, खाली वाळू, वर गच्च चोथा. धुवणाचं पाणी वरून सोडलं की खालून बिनपिवळं बाहेर. मालकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ पिंपाभोवती फिरले. “पंप नाही?” “नाही.” “वीज नाही?” “नाही.” “मग बघितलं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून इतक्या झटपट आलेला तो शब्द ऐकून फोरमननं मागे वळून पाहिलं.

मी मोठ्या अभिमानानं मावशींची वाट बघत बसले. त्या आल्या. तांब्या होताच. त्यांनी फुलपात्र भरून ठेवलं. पाणी तपकिरी होतं.

“पयलं सरबत व्हतं. आता च्या आला. उद्या बिस्कुटं बी सोडनार का?”

“मावशी, विष गेलंय त्यातलं. हा नुसता चहाचा रंग आहे.”

“मंग म्हशीला काय सांगू? बाई, तू च्या पी आन् ताजीतवानी व्हऊन दूध दे?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. रंग सुटतो म्हणजे चोथा पाण्यात आणखी काहीतरी सोडतोय. मग मी चोथा आधी उकळून घ्यायचं ठरवलं. शेडमागे तीन दगडांवर एक मोठी पसरट काहिली मांडली आणि तिच्यात चोथा उकळायचा, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचा, असं करत गेले. अगदी रंगाचं नाव उरलं नाही की चोथा शेडच्या पत्र्यावर उन्हात वाळायला. नंतरचं पाणी नितळ आलं. मावशींनी तांब्यात धरून पाहिलं, वास घेतला, बोट बुडवून बोटाचा वास घेतला. म्हणाल्या, “बरं हाय,” आणि गेल्या. म्हशींना मात्र त्या ओढ्याच्या वरच्या अंगालाच नेत राहिल्या.

आता गोष्ट अशी की शेडचा पत्रा रस्त्यावरून दिसायचा. शेजारच्या कारखान्यांत जाणारे-येणारे कामगार रोज बघायचे की आमच्या पत्र्यावर वापरलेली चहापत्ती वाळत घातली आहे. माणूस काय समजेल? वापरलेली पत्ती वाळवून, रंग फासून नवी म्हणून विकणारे लोक तेव्हा होतेच. पट्ट्यात बोभाटा झाला की या शेडमध्ये मुलाम्याच्या आडून जुन्याची नवी चहापत्ती करतात. कुणीतरी पुढे जोडलं की ती पत्ती रस्त्यापलीकडच्या टपरीवरच वापरतात, म्हणून तर तो चाचा चोथा देतो.

एका सकाळी चाचा तरातरा लॅबमध्ये आले. एरवी ते दारातच उभे राहून बोलायचे. “ताई, गुलाब कुठायत?”

मी हातातलं चंचुपात्र खाली ठेवलं.

“सकाळपासून गिऱ्हाईक कप हातात घेतं, वास घेतं, माझ्याकडे बघतं. एकानं विचारलं, चाचा, हा पहिल्या पाण्याचा आहे की तिसऱ्या? बाप-दादांपासून चहा विकतोय, असं कुणी विचारलं नव्हतं.”

मी त्यांना पिंपापाशी नेलं. त्यांच्या डोळ्यांदेखत बादलीभर पिवळं पाणी वर ओतलं आणि खाली काचेचा ग्लास धरला. ग्लासात नितळ पाणी जमलं. चाचांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पिंपाच्या मागे कुणी बसलंय का तेही पाहिलं.

“हे माझ्या पत्तीनं केलं?”

“तुमच्याच.”

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. दुपारच्या शिफ्टला टपरीवर त्यांचा आवाज रस्त्याच्या अलीकडे ऐकू येत होता. “अरे भावा, नुस्ता चहा नाही हा! पिऊन झाल्यावर जो उरतो ना, त्यानं कारखान्याचं जहर उतरतं. मग विचार कर, जो तू पितोस तो तुझ्या पोटात काय काय साफ करत असेल!” विज्ञानाच्या दृष्टीनं हे सगळं चूक होतं, पण मी रस्ता ओलांडून ते दुरुस्त करायला गेले नाही. आठवड्याभरात टपरीवर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली.

बोभाटा तिथेच विरला असता तर बरं झालं असतं.

चोथ्यानं पाण्यातून क्रोम काढलं, पण क्रोम नाहीसं थोडंच होतं? ते पाण्यातून निघालं आणि चोथ्यात जाऊन बसलं. चोथ्याचं पोट भरलं की तो पिंपातून काढायचा आणि नवा भरायचा. त्या पोट भरलेल्या चोथ्याचं काय करायचं यावर मालकांचं मत होतं, “टाका ओढ्यात. पाण्यातलं पाण्यात.” फोरमनचं मत होतं, शेणखतात मिसळा. मी दोघांशी भांडून तो वाळवून गोण्यांत भरला, गोण्या शिवल्या, प्रत्येकीवर डांबरानं मोठी फुली मारली आणि मागच्या खोपटात रचून ठेवल्या. खोपटाची किल्ली स्टोअरकीपरकडे असे. स्टोअरकीपर म्हणजे मालकांचे मेहुणे, बायकोचे धाकटे भाऊ. गडी मनानं वाईट नव्हता, पण कुठलीही वस्तू पडून राहिलेली त्यांना बघवायची नाही. भंगार, रिकामे डबे, फाटकी पोती, सगळ्यातून ते काहीतरी करायचे.

एका सोमवारी मी खोपटात गेले तर वरची गोणी नव्हती.

मी स्टोअरकीपरना विचारलं. “भंगारात गेली असेल,” ते म्हणाले. भंगारवाला चोथा कशाला नेईल, मी विचारलं. ते इकडेतिकडे बघू लागले. मी मालकांच्या खोलीत गेले आणि ते माझ्यामागून आले. कारण त्यांच्या आधी मी काय सांगते याची त्यांना काळजी होती.

मालक चहा पीत होते. मी सांगितलं. मालक मेहुण्यांकडे वळले. “कुणाला दिलीस?”

“चाकणला. बाजारपेठेत एक व्यापारी आहे, चहा-साखरेचा. त्यानं ऐकलं होतं की आपण... म्हणजे आपल्याकडे... ती पत्ती तयार होते. तो स्वतःच आला होता, दाजी. मी म्हटलं, पडूनच आहे.”

“अरे, त्यावर फुली होती!” मी ओरडले.

“मला वाटलं, फुली म्हणजे एक नंबरचा माल.”

मालकांनी हातातल्या कपाकडे पाहिलं आणि तो हळूच लांब सरकवला. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांची सासुरवाडी चाकणचीच. “आई चहा कुठून आणतात रे?”

मेहुणे खालीच बसले. “त्याच दुकानातून,” ते म्हणाले.

मालक उभे राहिले. त्या माणसाला मी इतक्या चपळाईनं उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. पण पुढे काय करावं यावर घोडं अडलं. उघड जाऊन मागावी तर व्यापारी म्हणणार, कुठली गोणी? वापरलेली पत्ती घेतल्याचं कोण कबूल करेल? पोलिसांत जावं तर गोणी आमची, विष आमचं, विकणारा आमचाच मेहुणा. मालक स्वतः गेले तर चाकणमध्ये त्यांना सगळे जावई म्हणून ओळखायचे. मेहुण्यांना उभं करण्यात अर्थ नव्हता, ते अजून खालीच बसले होते.

“मी जाते,” मी म्हणाले. “गिऱ्हाईक म्हणून.”

“तुम्हाला चहातलं काय कळतं?” मालकांनी विचारलं, आणि ते खरं होतं. मी रस्ता ओलांडून चाचांना घेऊन आले. ऐकल्यावर त्यांनी आधी मेहुण्यांकडे असं पाहिलं की ते आणखी लहान झाले. मग त्यांनी टपरीवर भाच्याला बसवलं, ठेवणीतली टोपी घातली आणि म्हणाले, “चला.”

आमच्या तीनचाकी टेम्पोत हँडलांच्या शेजारी बसून आम्ही चाकणला निघालो. वाटेत ठरलं की मी मुलींच्या वसतिगृहाची खानावळ चालवते, आणि चाचा माझे चहातले जाणकार. मी केसांचा अंबाडा घातला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि पोक्त दिसायचा प्रयत्न केला. चाचा म्हणाले, “ताई, कपाळाला इतक्या आठ्या घालू नका. खानावळवाल्या बायका एवढा विचार करत नाहीत.”

दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी होतं. व्यापारी गोरा, गोल, बोलण्यात गोड. दारात कोळशाच्या शेगडीवर पाणी उकळत होतं, गिऱ्हाइकाला नमुना चाखवायला. त्यानं चांगली पत्ती पुढे केली. चाचांनी तळहातावर घेतली, फुंकर मारली, नाकाशी नेली, डोळे मिटले. “उत्तम आहे, शेठ,” ते म्हणाले. मी म्हटलं, “मुलींना उत्तम परवडत नाही. स्वस्त दाखवा.” त्यानं स्वस्त दाखवली. मी म्हटलं, “याहून.” त्यानं आणखी स्वस्त दाखवली. मी म्हटलं, “याहूनही.” व्यापाऱ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. अशा बाईची तो फार दिवस वाट पाहत असावा.

“एक खास माल आहे,” तो आवाज खाली करून म्हणाला. “कारखान्यातला. सगळ्यांना नाही देत.”

आणि आतून माझी गोणी आली. डांबराची फुली जशीच्या तशी. कोपऱ्यातली शिवण मात्र उसवलेली.

चाचांनी चिमूट घेतली आणि वास घेतला. “शेठ, हिला वासच नाही.”

“वास मागून येतो.”

“उकळा तर.”

व्यापाऱ्यानं शेगडीवरच्या पाण्यात मूठभर पत्ती टाकली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पाणी खळखळून उकळलं. रंग आला नाही. त्यानं आणखी मूठ टाकली. पाणी आपलं नळाच्या पाण्यासारखं नितळ. मी तो चोथा रंगाचं नाव न उरेपर्यंत उकळला होता, तो आता कुठून रंग देणार?

“जरा हळू उतरतो,” व्यापारी कपाळ पुसत म्हणाला. “कालपण असंच झालं.”

चाचांनी तोंडावरची सुरकुती हलू न देता विचारलं, “शेठ, या पत्तीनं रोजा धरलाय का? काही सोडतच नाही.”

शेजारच्या दुकानातला माणूस फसकन हसला. व्यापाऱ्याला ते लागलं. “रंगावर जाऊ नका, चव बघा चव!” असं म्हणत त्यानं ग्लासात ते पाणी गाळलं, साखर टाकली आणि आपणच प्यायला ओठांशी नेलं.

वसतिगृह, खानावळ, पोक्तपणा, सगळं विसरून मी त्याच्या हातावर फटका मारला. ग्लास उडाला, ओट्यावर फुटला, गरम पाणी चाचांच्या पायावर सांडलं. बाजार थांबून बघायला लागला.

“बाई, वेड लागलं का?” व्यापारी किंचाळला.

“पिऊ नका,” मी म्हणाले. “त्यात कारखान्याचं विष आहे. मीच भरलंय.”

हे मी जसं म्हणाले तसं म्हणायला नको होतं. लोक दोन पावलं मागे सरले. व्यापारी आधी माझ्याकडे, मग चाचांकडे बघू लागला, यातलं वेडं कोण ते ठरवत. मी त्याच्याकडे लोखंडी पळी मागितली. मूठभर पत्ती पळीत घेऊन शेगडीच्या निखाऱ्यांवर धरली. धूर झाला, ती जळाली, आणि मी पळी त्याच्यासमोर केली. चहाची राख राखाडी असते. ही हिरवट होती, भिंतीवरच्या शेवाळासारखी.

“हिरवी राख कुठल्या झाडाची असते, शेठ?” मी विचारलं.

तो एकदम सगळं बोलायला लागला. रंग येत नाही म्हणून गोणी तशीच पडून होती, कुणालाही विकली नव्हती. फक्त काल मुनिमाला एक कप करून दिला होता आणि मुनीम पहिल्या घोटालाच थुंकला होता. एका डब्यात चांगल्या पत्तीत थोडी मिसळून बघितली होती, तो डबाही मागे आहे. मी मुनिमाला बोलवायला लावलं. तो धडधाकट होता, फक्त चिडलेला. मी डबा मागितला, गोणी मागितली, झाडलेला कचरासुद्धा मागितला. व्यापाऱ्यानं सगळं स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं आणि हात जोडले. “बाई, हे बाहेर बोलू नका.”

“मी नाही बोलणार,” मी म्हणाले.

चाचा म्हणाले, “मी पण नाव नाही घेणार.” आणि ते शब्दाला जागले. रोजा धरलेल्या पत्तीची गोष्ट त्यांनी पुढे टपरीवर किती वेळा सांगितली असेल, पण दुकान कुठलं ते कुणाला कळलं नाही. परतीच्या वाटेवर मला एकदम रडू आलं. आपण काय करून बसलो असतो हे तेव्हा कुठे अंगावर आलं. चाचांनी भाजलेला पाय चोळत विचारलं, “हात दुखतोय का ताई? फटका चांगला बसला पण.” मग मला हसू आवरेना.

शेडमध्ये आलो तर मालक फाटकातच उभे. गोणी दिसल्यावर त्यांनी तिच्यावर हात ठेवला, जणू हरवलेलं वासरू सापडलं. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी मागे विटा-सिमेंटचा पक्का हौद बांधायला घेतला, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. मी एवढ्यावर थांबले नाही. पोट भरलेल्या चोथ्यात मी कपड्यांची नीळ आणि थोडं रॉकेल मिसळायला लागले. निळीत माखलेली आणि रॉकेलचा भपका येणारी चहापत्ती कितीही स्वस्त असली तरी कुठल्या वसतिगृहानं घेतली नसती. अर्थात निळीनं माझी बोटंही निळी व्हायची, आणि घरी आई विचारायची की तू केमिस्ट आहेस का परटीण.

एवढं होऊनही चोथ्याचा पराक्रम मर्यादितच होता, हे सांगायला हवं. रोजचं पातळ धुवण तो सांभाळायचा. पण कधी टाकीच गळली किंवा कुणी बादलीभर दाट क्रोम मोरीत ओतलं की पिंपाचं काही चालायचं नाही, आणि मावशी तांब्या घेऊन दारात. त्यांच्या म्हशी खालच्या अंगाला पाण्यावर आलेल्या मी पाहिल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात, तेही वरच्या अंगाचा ओढा आटला होता म्हणून.

मेहुण्यांचं काय झालं ते राहिलं. चाकणच्या बाजारात घडलेलं चाकणमध्ये कसं लपणार? मालकांच्या सासूबाईंच्या कानावर गेलं की कारखान्याच्या कुणा बाईनं व्यापाऱ्याच्या हातावर फटका मारला, आणि त्यामागे आपलाच मुलगा आहे. त्या एसटीनं तळवड्याला आल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिंप बघितलं, काहिली बघितली, हौदाचं कुलूप ओढून बघितलं. जावयांना फक्त एवढंच म्हणाल्या, “तुमचं बघून झालं का?” मालक मान खाली घालून उभे. मग लेकाकडे वळल्या.

“तुला पडून राहिलेलं बघवत नाही ना? मग ही काहिली आजपासून तुझी. चोथा आणायचा तू, उकळायचा तू, वाळवायचा तू. आणि मी परत येऊन बघणार.”

तेव्हापासून स्टोअरकीपरसाहेब तोंडाला पंचा बांधून काहिलीपुढे उभे दिसू लागले, हातात लांब लाकडी उलथणं. येणारा-जाणारा प्रत्येक कामगार थांबून म्हणायचा, “भाऊ, एक स्पेशल द्या!” “राव, साखर कमी बरं का!” पहिले काही दिवस ते लालेलाल होत. मग उत्तरं द्यायला लागले. आणि मग, मला सांगताना आश्चर्य वाटतं, त्यांना त्याची गोडी लागली. कुठल्या कँटीनचा चोथा लवकर रंग सोडतो, कुठल्या टपरीवाल्याच्या चोथ्यात आलं फार असतं, किती उकळला की पाणी नितळ येतं, हे ते मलाच शिकवू लागले. पाहुणे आले की मी पांढरा कोट घालून येईपर्यंत त्यांचं अर्धं व्याख्यान झालेलं असायचं.

पुढे काही वर्षांनी काम वाढलं, कायद्याचा धाक वाढला आणि मालकांनी अखेर पंपासकट पुस्तकातली व्यवस्था उभी केली. रसायनाची टाकी, चुन्याची टाकी, गाळ बसवायची टाकी. ती चोथ्यापेक्षा पुष्कळ चांगली चालायची, दाट क्रोमलाही डरायची नाही. पहिल्या दिवशी आम्ही सगळे कठड्याला टेकून बघत होतो. पिवळं पाणी आत गेलं आणि नितळ बाहेर आलं. मालक खूश होते, मीही होते. स्टोअरकीपर तेवढे हिरमुसून उभे होते.

“काय झालं?” मी विचारलं. “पाणी चांगलं येतंय की.”

“पाणी चांगलं येतंय,” ते म्हणाले. “पण यात करायचं काय, मॅडम? नुसतं बटण दाबायचं.”